पिंपातल्या पाण्याची दृष्ट

“…मिठानं शिजते त्या घरची डाळ! मीठ अन् मोहऱ्या! पिंपात मोहऱ्या भरून ठेवल्या हायेत, वरून मीठ सोडते तो, अन् मंग—”

बस्स! विहिरीवर एवढंच माझ्या कानावर पडलं आणि बोलणाऱ्या सरजाची, आमच्या गल्लीतलीच ती, बादली दोरासकट धाडकन विहिरीत गेली. मग काय, गळ आणा, दोर आणा, एकीनं वाकायचं, दुसरीनं तिचा पदर धरायचा. बादली वर आली, पण बातमी खालीच राहिली. मी विचारलं, तर सरजा म्हणते, “काही नाई वं यमुनाबाई. असंच बोलून राह्यलो होतो.”

असंच! आता तुम्हीच सांगा, अर्धी बातमी ऐकून बाईमाणसाला चैन पडेल का? पूर्ण बातमी पचते. बातमी नसली तरी एखादा दिवस निघतो. पण अर्धी बातमी म्हणजे दातात अडकलेला सुपारीचा तुकडा. जीभ सारखी तिकडेच!

त्या अर्ध्या बातमीपायी गेल्या उन्हाळ्यात माझी जी फजिती झाली ती सांगते. हसा खुशाल. पण एक आधीच सांगून ठेवते, ह्या फजितीत जिंकले मीच.

बालाघाटच्या आमच्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी दिसायला आरसा. तळातलं नाणं वरून मोजावं इतकं नितळ. पण गुण विचारू नका! साबण घासा, फेस यायचा नाही, दह्यासारख्या गुठळ्या यायच्या. चहाच्या भांड्याला आतून चुन्याचा लेप. आणि तूरडाळ? सकाळी चुलीवर ठेवा, दुपारी उतरवा. दाणा जशाचा तसा उभा, पाणी बिचारं दमून गेलेलं. म्हणून डाळीपुरतं पाणी आम्ही वैनगंगेचं घ्यायचो. कावडवाला आणून द्यायचा.

आता ह्या डाळीपायी माझ्या जिवाला घोर का, तेही ऐका. माझी मुलगी कुसुम. तिला आधी एक वारासिवनीचं स्थळ आलं होतं. त्या दिवशी कावडवाला आलाच नाही, मी विहिरीच्याच पाण्यात वरण टाकलं. मुलाच्या मामांनी पहिला घास घेतला. थांबले. तोंडातून एक दाणा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. टण्ण! खोटं नाही सांगत, आवाज झाला!

“हे डाळ हाये का बंदुकीचे छर्रे?” मामा म्हणाले.

सगळी पंगत हसली. स्थळ काही परत आलं नाही. पत्रिका जुळली होती, पोरगी पसंत होती, डाळ तेवढी शिजली नाही! त्या दिवसापासून वाढताना वरणाचं भांडं कुसुम हातात घेईना. भाजी वाढायची, भात वाढायचा, वरण मला वाढायला लावायची. आईच्या काळजाला काय वाटत असेल, तुम्हीच समजा.

आणि आता लांजीचं स्थळ आलेलं. मुलगा चांगला, मास्तर. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरलेला. पण मुलाची आई! तिच्याबद्दल अख्ख्या लांजी तहसिलीत बोललं जायचं की ही बाई सोनं पाहत नाही, भांडी पाहत नाही, वरण पाहते. म्हणायची म्हणे, “ज्या घरची डाळ कच्ची, त्या घरची पोट्टी कच्ची.” आणि आमचा कावडवाला? लग्नसराई ना! नेमका आपल्या मेव्हण्याच्या वरातीत नाचायला गावी गेला.

अशा वेळी मी ऐकते काय, तर “मिठानं शिजते त्या घरची डाळ”! मग मी गप्प बसेन?

“ते घर” कोणतं, हे मला सांगायला सरजा कशाला हवी? आमच्या भिंतीला भिंत लागून दिनकर राहायचा. तरणाताठा पोरगा, नागपूरला बी. एस्‌सी. झालेला, इथल्या एका राईस मिलमध्ये बायलरच्या पाण्यावर देखरेख करायला आलेला. बायको शकुंतला, गोरीपान, कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या शेजारणीसारखी दुसरी शिक्षा नाही. सगळं आपल्यालाच बघून ठरवावं लागतं.

आणि मी बघत होतेच. त्यांच्या मोरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला फेस असायचा! विहीर तीच, साबण तोच, आमच्या मोरीत गुठळ्या आणि तिच्या मोरीत ढग! दिनकरच्या सदऱ्याकडे उन्हात बघवत नव्हतं. शिवाय पोतंभर मीठ त्यांच्या दारात उतरताना मी ह्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन माणसांचं घर, लोणची घालायचे दिवस अजून लांब, मग एवढं मीठ कशाला?

विरजणाची वाटी घेतली आणि गेले.

“शकू, जरासं विरजण दे वं माय. माह्यावालं मांजरीनं सांडवलं.”

मांजर आमच्याकडे नव्हतीच, पण असू द्या.

परसात विटांच्या चौथऱ्यावर एक लोखंडी पिंप, खाली तोटी. वरून विहिरीचं पाणी ओतायचं, खालून घागर भरायची. मी आत डोकावले. तळापासून अर्ध्यापर्यंत बारीक, गोल, तपकिरी दाणे. ओले, चमकदार. कोनाड्यात एका डब्यातही तेच दाणे ठेवलेले. मी चिमूटभर तळहातावर घेतले. मोहरीच! मोहरी ओळखायला चाळीस पावसाळे पाहिलेल्या बाईला काय चष्मा लागतो?

“हे काय वं?”

शकू लाजत म्हणाली, “यायनं मिलमधून आणलं. तिथं बायलरसाठी नवं मशीन आलं ना, त्यातलं उरलं होतं. मालकानं म्हटलं, घरी करून पाहा.”

“अन् करते काय हे?”

“पाण्यातलं वाईट असते ना, ते हे दाणे आपल्यावर घेतात.”

मी तळहातावरचे दाणे पटकन डब्यात टाकले. “आपल्यावर घेतात?”

“हौ. मंग घेऊन घेऊन भरून जातात. भरले का मिठाचं पाणी सोडायचं. दाण्यावरचं सारं मिठासंगं निघून जाते, नालीत. ते पाणी कोणी प्यायचं नाई, ओलांडलं तरी पाय धुवा म्हणतात हे.”

पाय धुवायचं दिनकर चिखलासाठी म्हणत होता, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोहरी! मीठ! वाईट आपल्यावर घ्यायचं! आणि नेऊन टाकायचं! अहो, ह्याला काय म्हणतात? लहान लेकराला विचारा!

दृष्ट काढणं!

इथे माझ्याबद्दल एक सांगायलाच हवं. मी चौथी पास. पण गल्लीत लेकरू रडलं, गाय दूध देईना, नव्या नवरीला ताप आला की बोलावणं मलाच. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घ्यायच्या, आल्याची-गेल्याची, घरच्याची-दारच्याची म्हणत ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. घाण वास सुटला की समजायचं, दृष्ट लागली होती, उतरली. माझा हात असा की लेकरू जाळाकडे बघता बघता झोपायचं. आणि हा बी. एस्‌सी. झालेला पोरगा माझ्या भिंतीपलीकडे चक्क विहिरीची दृष्ट काढत होता, आणि मला पत्ता नाही!

खरं सांगू? आधी राग आला. मग वाटलं, का नाही? एवढ्या नितळ पाण्याला नजर लागणार नाही तर कशाला लागणार? येणारा-जाणारा म्हणतो, काय पाणी आहे! त्याचं हे फळ! इतकी वर्षं आम्ही पाण्याला नावं ठेवली, दृष्ट काढायचं कोणाच्या मनात आलं नाही.

संध्याकाळी दिनकर मिलमधून आला तशी मी कुंपणावरून हाक मारली.

“दिनकरभाऊ, साक्षगंधाच्या दिवशी डाळीपुरतं तुमच्यावालं पाणी देसान का?”

“घ्या ना काकू! डाळीचंच काहून, सैपाक साराच करा. मी पहाटेच मिठाचं पाणी देऊन दाणे धुऊन ठेवतो, मंग दिवसभर चालते.” आणि उत्साहात येऊन सांगू लागला, “त्याचं असं हाये काकू, पाण्यात चुना असते विरघळलेला, तो दिसत नाई. त्याले पकडाले हे दाणे…”

“समजलं मले सारं,” मी म्हटलं. “तुम्ही मले काय शिकवता!”

दिनकरचा चेहरा पडला. शिकलेल्या माणसाला सांगायला मिळालं नाही की त्याला अजीर्ण होतं. ऐकून घेतलं असतं तर? तर हा किस्साच झाला नसता, आणि तुम्ही आज माझा चहा पिऊन नुसतेच गेला असता.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. पिंपातल्या पाण्याच्या घागरी शकूनं स्वतः भरून आणून दिल्या. मी पातेलं चढवलं, देवाचं नाव घेतलं, डाळ सोडली. आणि बघते तर काय! थोड्याच वेळात दाणा फुलला, फाटला, विरघळला. पळी फिरवली तर लोणी! कुसुमनं झाकण काढून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झाकण परत ठेवलं. “माय,” म्हणाली, “आज वरण मी वाढतो.”

तिथेच थांबायचं ना मी? डाळ शिजली, पोरगी हसली, हात धुऊन पाटावर बसायचं. पण नाही! माझ्यातली जाणकार जागी झाली.

मला एकच घोर लागला. दिनकर दृष्ट काढतो ते ठीक, पण अर्धवट काढतो. मिरच्या नाहीत. ओवाळणं नाही. आणि मुख्य म्हणजे मोहऱ्या जाळत नाही! धुऊन पुन्हा वापरतो! अहो, वर्षानुवर्षांची विहिरीची नजर त्या दाण्यांवर बसलेली, आणि त्याच दाण्यांतून आलेलं पाणी माझ्या घरात, आणि तेही मुलीच्या साक्षगंधाला? शिकलेल्यांचं असंच. निम्मं करतात आणि नाव मोठं ठेवतात.

म्हटलं, आपण पूर्ण करू.

शकू आमच्याकडे पाटाभोवती रांगोळी काढत होती. मी तिच्या परसात गेले आणि कोनाड्यातल्या डब्यातून चांगली मूठभर मोहरी घेतली. घरी आले, शेगडी दारात ठेवली, निखारे फुलवले, मिरच्या घेतल्या, कुसुमला उंबऱ्यावर उभी केली.

“माय, पाव्हणे येऊन राह्यले. आता काहून?”

“गुपचूप उभी राह्य!”

ओवाळलं. आल्याची, गेल्याची, विहिरीची, वारासिवनीच्या मामाची! आणि मूठ निखाऱ्यावर सोडली.

आता ऐका. मोहरी जळते तेव्हा तडतडते, हे तुम्हाला माहीत आहे. ही मोहरी आधी तडतडली. मग फुगली. मग काळी झाली, वितळली, बुडबुडे आले, आणि त्यातून जो धूर निघाला! काळा, जाड, दोरखंडासारखा. आणि वास! जळके केस, सायकलची ट्यूब, गंधक आणि सडका झिंगा एकत्र करून कोणी शेगडीवर ठेवावा तसा. नाकात गेला तो डोळ्यांतून बाहेर आला. समोरच्या घरातला कुत्रा, जो मिठाईवाल्याच्या भट्टीपुढूनही हलत नाही, तो शेपूट घालून पळाला. सरजा पदर नाकाला लावून ओरडली, “अवं, कोणाचं काय जळून राह्यलं वं?”

आमचे हे धोतराचा सोगा सावरत धावत आले. “कुसुमच्या माय! काय मेलेलं जाळलं?”

“दृष्ट हाये ते!”

“दृष्ट हाये का मयत?”

तेवढ्यात कुंपणावरून दिनकर उडी मारूनच आला. त्याला वास ओळखीचा. शेगडीत बघून त्यानं कपाळाला हात लावला.

“काकू! रेझिन जाळलं?”

“रेझिन-बिझिन मले नाई माहीत. मोहऱ्या जाळल्या.”

“मोहऱ्या नाईत काकू त्या! कारखान्यात बनवतात त्यायले! प्लास्टिकची जात ती!”

प्लास्टिकची जात! मी त्या धुरात उभी आणि समोर, गल्लीच्या तोंडाशी, रिक्षा थांबलेल्या. लांजीचे पाहुणे! सगळ्यात पुढे विहीणबाई, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. धूर त्यांच्या स्वागताला माझ्याआधी पोचलेला. त्यांनी पदर नाकाला लावला.

कुसुमकडे बघितलं. पोरीचे डोळे धुरानं भरले होते की कशानं, देव जाणे. माझ्या मनात एकच: गेलं! डाळ शिजली आणि स्थळ जळालं.

“काय जाळून राह्यले हो हे?” विहीणबाईंनी विचारलं.

दिनकर प्रामाणिक पोरगा, सांगायला तोंड उघडलं. मी त्याचा सदरा मागून धरला.

“काही नाई विहीणबाई. पोट्टीची दृष्ट काढली.”

विहीणबाई थांबल्या. नाकावरचा पदर हळूच खाली केला. धुराचा एक चांगला दमदार श्वास घेतला, ठसका खाल्ला, डोळे पुसले. मग मागे वळून आपल्या नवऱ्याला म्हणाल्या,

“पाह्यलं का हो? बापा बापा! एवढी घाण! मंजे पोट्टीवर किती लोकायची नजर असन! मी म्हणत होतो ना, हिरा हाये म्हणून!”

आता सांगा, देव असा कधी कोणाला पावलाय? पुढे होऊन त्यांनी कुसुमच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर कडकडून मोडली. “आता उतरली सारी. चला आत.”

मी जिंकले! दिनकरचा सदरा सोडला. तो काहीतरी पुटपुटत होता, “पण काकू, ते सल्फर…” मी म्हटलं, “भाऊ, तुम्ही जिलेबी वाढा.”

पंगत बसली. कुसुम वरणाचं भांडं घेऊन आली. स्वतः. ताठ. विहीणबाईंनी भातावरच्या वरणातून एक दाणा शोधायचा म्हणून बोट फिरवलं. सापडेना. पुन्हा फिरवलं. अंगठा आणि बोट चोळून बघितलं. मग घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. आमच्या ह्यांचा हात तोंडापाशी थांबलेला.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “बालाघाटच्या ह्या गल्लीच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाई म्हणून मी ऐकलं होतं.”

“लोकं काय, काईबी बोलतात.”

“आमच्या लांजीच्या विहिरीची बी तीच गत हाये. मी जन्मभर वरण तपासत आली, पण माह्या घरी असं कधी नाई झालं. काय करता तुम्ही?”

पाहिलंत? जगाचं वरण तपासणाऱ्या बाईची स्वतःची डाळ कच्ची! मला तर पंख फुटले. दिनकर जिलेबीचं ताट घेऊन समोरच उभा. सांगायला त्याचा जीव तळमळत होता, “त्याचं असं हाये, पाण्यातला चुना—”

“मीठ अन् मोहऱ्या!” मी त्याच्या डोक्यावरून सांगून टाकलं. “बस्स. मीठ अन् मोहऱ्या, विहीणबाई. बाकी हाताचा गुण!”

पाहुणे टाळ्या पिटून हसले, कुसुमच्या ओटीत नारळ पडला, साक्षगंध झालं. त्या दिवशी गल्लीत माझ्यासारखी कोणी नव्हती. सरजाला मी मुद्दाम दोनदा वरण वाढलं.

पाहुणे गेल्यावर दिनकर अंगणात येऊन बसला. म्हटलं, पोराचं बोलणं दोनदा तोडलं, आता ऐकून घ्यावं. शेगडीत वितळून बसलेला काळा गोळा काडीनं टोकरत त्यानं सगळं सांगितलं. पाण्यात चुना विरघळलेला असतो, तोच डाळीला घट्ट करतो, साबणाच्या गुठळ्या करतो, बायलरच्या पोटात कवच धरतो आणि कवच जाड झालं की बायलरचा घात होतो. हे दाणे मिठातला एक अंश अंगावर घेऊन बसलेले असतात. चुन्याचं पाणी आलं की चुना धरतात आणि आपल्याजवळचा अंश पाण्याला देतात. नुसतं घेत नाहीत, बदल्यात देतात. दाण्यांजवळचं देणं संपलं की चुना तसाच खाली उतरू लागतो. मग त्यांना मिठाचं कडक पाणी पाजायचं. मीठ इतकं जास्त की चुन्याला दाणे सोडावेच लागतात. तो नालीत गेला, दाणे साध्या पाण्यानं धुतले, की पुन्हा नवे.

मी नीट ऐकलं. मग म्हटलं, “मंजे भाऊ, वाईट आपल्यावर घेतलं, मिठानं उतरवलं, दूर नेऊन टाकलं.”

“हौ.”

“मंग मी काय वेगळं म्हणून राह्यली होती?”

दिनकरनं हातातली काडी टाकली. मग हसायलाच लागला. “तसं पाह्यलं तं काही नाई काकू. फकत जाळायचं नाई.”

दुसऱ्या दिवशी त्यानं मिलमधल्या बायलरवाल्यांना ते मशीन असंच समजावलं म्हणे: बायलरची दृष्ट काढतो हे, दर पाळीला मीठ द्यायचं विसरू नका. इतके दिवस कोणी मीठ वेळेवर देत नव्हतं. आता एकही जण चुकवेना! बघा म्हणजे, माझा हातभार लागलाच.

इथे किस्सा संपवला तर मी कोण शहाणी दिसेन! पण तुम्ही माझीच माणसं, उरलेलंही ऐका.

सरजाची ती बातमी. मिठानं डाळ शिजते, हे तर मी सिद्धच केलं होतं. पण सिद्ध करताना मी विहीणबाईंना काय सांगितलं? मीठ आणि मोहऱ्या. आणि काय नाही सांगितलं? पिंप! दाणे! तोटी! अर्धी बातमी ऐकून मी तळमळले होते, आणि विहीणबाईंच्या हातात मीही अर्धीच दिली.

लग्नाची तिथी पक्की करायला त्यांनी आम्हाला लांजीला जेवायला बोलावलं. बसनं गेलो, पाय धुतले, पाटावर बसलो. विहीणबाई उजळलेल्या चेहऱ्यानं वरणाचं भांडं घेऊन आल्या.

“तुम्ही सांगितलं तसंच केलं बरं का! आधण आलं का पहिले मीठ, मूठ भरून. मंग मोहऱ्या. मंग डाळ. सकाळपासून चढवून ठेवली!”

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे. चुन्याच्या पाण्यात, वरून आधीपासून मीठ; ती डाळ शिजायचं काय कारण? पिवळे दाणे, काळे दाणे, वेगवेगळे, टणक, एकमेकांना ओळख न देणारे. खारट तर असं, की जिभेनं नमस्कार करावा. आणि सगळं घर माझ्याकडे बघतंय. जावई बघतोय. विहीणबाई पळी घेऊन उभ्या. पंचांग पाटाशेजारी ठेवलेलं, तिथी अजून निघायची होती.

“कशी झाली?”

काय करणार? वारासिवनीच्या मामासारखा दाणा काढून ताटाच्या कडेला ठेवू? माझ्याच पोरीचं घर ते! घास घेतला. चावला. कडाड्!

“लोणी!” मी म्हटलं.

“मंग घ्या ना आनखी! लाजता काहून?” आणि आणखी दोन पळ्या पडल्या.

आमचे हे शेजारी बसून, मान खाली घालून, हळू आवाजात म्हणाले, “खा. हाताचा गुण हाये.”

सगळं खाल्लं. पान चाटून पुसून. तिथी निघाली, बैसाखातली, चांगली भरभक्कम. विहीणबाईंनी ओटी भरली, आम्ही बसमध्ये बसलो, आणि बस लांजीच्या बाहेर पडल्यावर मी जिभेनं चाचपून बघितलं. एक दाढ गायब.

कुसुम सासरी जायला अजून वेळ होता, पण माझी दाढ तिच्याआधीच लांजीत नांदायला गेली!